२०० अँपिअरचं पोर्टेबल वेल्डिंग मशीन, सहा महिन्यांचा अनुभव: मशीन चांगलंय, सोबत आलेल्या केबल बाजूला ठेवा

पहिल्याच आठवड्यात मी हे मशीन परत द्यायला निघालो होतो. बिल खिशात, खोकं स्कूटरला बांधलेलं. परत दिलं असतं तर मोठी चूक झाली असती, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कारण सोलापुरात आणि आजूबाजूच्या गावात आता बरेच जण असलं छोटं इन्व्हर्टर म्हणजे इलेक्ट्रॉनिक वेल्डिंग मशीन घ्यायलेत आणि आठ दिवसात तक्रार सुरू होते की रॉड चिकटतोय, मशीनमध्ये दम नाही. दम असतो, तो केबलमध्ये आणि एक्स्टेन्शन बोर्डाच्या वायरीत मरतो.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो. कारखान्यात जुनं तेलाचं, म्हणजे तेलात बुडवलेल्या ट्रान्सफॉर्मरचं वेल्डिंग मशीन आहे, ते अजून उत्तम चालतं पण दोघांनी धरल्याशिवाय जागचं हलत नाही. मला बाहेरची कामं पण असतात, जुळे सोलापूरला कुणाची ग्रील, कुणाच्या गच्चीवर पत्र्याचं शेड, आणि मेहुण्याची नान्नजला द्राक्षाची बाग आहे तिथं मांडवाचे एंगल, गेट, ट्रॉलीचं काही ना काही निघतंच. म्हणून स्कूटरच्या पुढं ठेवून नेता येईल असं मशीन पाहिजे होतं. संक्रांतीला गड्डा यात्रेची गर्दी होती त्या दिवसात घेतलं, सिंगल फेज, आयजीबीटीचं म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक स्विच असलेलं, २०० अँपिअर लिहिलेलं, पाच किलोच्या आसपास वजन, आठ हजारांच्या आत मिळालं. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते या किमतीतल्या जवळपास सगळ्या मशीनला लागू आहे आणि नावापेक्षा काय तपासायचं ते कळणं जास्त कामाचं आहे.

खोक्यात मशीन, होल्डरची म्हणजे रॉड धरायच्या चिमट्याची केबल, अर्थची म्हणजे कामाच्या लोखंडाला लावायची केबल, हातात धरायची काच, एक ब्रश आणि छोटी हातोडी. काच आणि हातोडी मी बघितल्याबरोबर बाजूला ठेवली, तसली काच धरून डोळ्याशी खेळ करू नका, ११ नंबरची चांगली काच वेगळी घ्या किंवा ऑटो हेल्मेट घ्या. केबल दोन-दोन मीटरच्या. दोन मीटरमध्ये काय होतं, मशीन खाली ठेवलं तर शिडीवर चढून वरचा जॉइंट मारता येत नाही. मग मी काय केलं, दुकानातून स्वस्तातली २५ स्क्वेअर (म्हणजे आतल्या धातूची जाडी २५ चौरस एमएम) लिहिलेली केबल आणली, १५ मीटर होल्डरला आणि १५ मीटर अर्थला, आणि जुन्या केबलला पीळ मारून वरनं टेप गुंडाळली. आणि लाईट घ्यायला घरातला ३० मीटरचा एक्स्टेन्शन बोर्ड. हे सगळं घेऊन थेट नान्नजला वस्तीवर गेलो.

तिथं दिवसभरात जे हाल झाले ते विचारू नका. बारा नंबरचा रॉड लावला, ८० अँपिअर ठेवलं, टेकवला की चिकटला. ९० केलं, चिकटला. ११० केलं तर आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची विजेची ज्योत, लागायचा आणि दोन इंच गेलं की फडफड करून विझायचा, मधेच मशीनचा पिवळा दिवा लागायचा. मेहुणा म्हणाला, दाजी, गावातल्या वेल्डरला बोलवू का. मला ते लई लागलं. संध्याकाळी घरी येताना ठरवलं की उद्या हे परत.

दुसऱ्या दिवशी जाताना वाटेत अण्णांच्या वर्कशॉपला थांबलो. अण्णा आमच्या भागातले जुने वेल्डर, ट्रॉल्या आणि टाक्या बनवतात, माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांना सांगितलं असं असं झालंय, परत द्यायला चाललोय. ते म्हणाले, "थांब बे, आधी उघड तरी." त्यांनी मशीन काढलं, माझ्या केबल काढून टाकल्या, त्यांची स्वतःची केबल लावली, त्यांच्या बोर्डाला जोडलं आणि तोच बारा नंबरचा रॉड ७५ वर ठेवून सोळा गेजच्या स्क्वेअर ट्यूबवर अशी ओळ ओढली की स्लॅग म्हणजे वरचा खपला आपोआप सुटून आला. मी गप्पच झालो.

पण अण्णांचं मला आवडतं ते हे की ते एवढ्यावर थांबले नाहीत. म्हणाले, आता मी दोन गोष्टी बदलल्या, केबल पण आणि लाईट पण, मग दोष कुणाचा ते कळलं का? नाही कळलं. एकेक करून बघू. मग त्यांच्या लाईटवर माझी केबल लावली. चाललं, पण दहा मिनिटात पीळ मारलेला जॉइंट हात लावू देईना आणि टेपचा वास यायला लागला. मग त्यांची केबल आणि माझा ३० मीटरचा एक्स्टेन्शन. रॉड परत चिकटायला लागला, तसाच जसा वस्तीवर चिकटत होता, फक्त थोडा कमी. म्हणजे दोषी दोन्ही होते आणि मशीन निर्दोष. कुणाला असली अडचण असेल तर हीच पद्धत वापरा, सगळं एकदम बदलू नका.

आता हिशोब सांगतो, थोडा आकड्यांचा आहे पण एकदा डोक्यात बसला की दुकानात कुणी फसवू शकत नाही.

हाताच्या रॉडच्या वेल्डिंगमध्ये आर्कला किती व्होल्ट लागतात त्याचा एक ठरलेला हिशोब आहे, २० अधिक अँपिअरला ०.०४ ने गुणून जे येईल ते. म्हणजे १०० अँपिअरला २४ व्होल्ट, २०० अँपिअरला २८ व्होल्ट. आता २०० गुणिले २८ म्हणजे ५६०० वॅट नुसत्या रॉडच्या टोकाला पाहिजेत, मशीनमध्ये जे वाया जातं ते वेगळंच. आणि आपल्या घरातलं मोठं सॉकेट १६ अँपिअरचं, २३० व्होल्टला त्यातून निघतात ३६८० वॅट. म्हणजे घरच्या सॉकेटमधून हे मशीन २०० अँपिअर देऊच शकत नाही, पॅनेलवर काहीही लिहिलेलं असू दे. मला २०० ची गरज पण नाही. बारा नंबरच्या रॉडला म्हणजे अडीच एमएमच्या रॉडला ६० ते ९० पुरतं, दहा नंबरला म्हणजे ३.१५ ला ९० ते १३०. माझं सगळं काम यातच बसतं. आठ नंबरचा म्हणजे चार एमएमचा रॉड चालवायचा तर १४० च्या वर जावं लागतं, ते काम मी या मशीनवर घेत नाही, त्यासाठी कारखान्यातलं मोठं मशीन आहे.

पण १०० अँपिअरला सुद्धा लाईनमधून चांगला करंट ओढला जातो. २४०० वॅट रॉडला, त्यात मशीनमध्ये वाया जाणारं धरा, पॉवर फॅक्टरमुळं लाईनमधून जादा ओढलं जाणारं धरा, तर १६-१८ अँपिअरपर्यंत सहज जातं. आणि या इन्व्हर्टर मशीनची एक खोड आहे जी मला आधी माहिती नव्हती. जुन्या तेलाच्या मशीनला व्होल्टेज कमी मिळालं की ते सरळ कमी अँपिअर देतं, मऊ चालतं. इन्व्हर्टर तसं करत नाही. त्याला सेट केलेलं अँपिअर धरून ठेवायचं असतं, म्हणून लाईन पडली की ते लाईनमधून अजून जास्त करंट ओढतं, जास्त ओढलं की वायरीत व्होल्ट अजून पडतात, आणि एका हद्दीनंतर ते हात टेकतं. माझ्या मशीनवर १७० ते २७० व्होल्ट लिहिलंय. वस्तीवर नंतर मी मल्टिमीटर लावून बघितलं, रिकामं असताना १९६ आणि आर्क लागला की बोर्डाच्या टोकाला १६४. कसा चालेल तो रॉड.

हे पडलेले व्होल्ट किती लाईनमुळं आणि किती माझ्या बोर्डामुळं? बोर्डाची वायर होती दीड स्क्वेअरची. ३० मीटर जायचे आणि ३० मीटर यायचे, ६० मीटर तांबं. दीड स्क्वेअरला ६० मीटरचा रेझिस्टन्स ०.७ ओहमच्या आसपास येतो, २० अँपिअरला १४ व्होल्ट नुसते वायरीत गेले. तीच वायर चार स्क्वेअरची घेतली तर पाच-सव्वापाच व्होल्ट जातात. बाहेरून येणारी लाईन माझ्या हातात नाही, पण हे नऊ व्होल्ट माझ्या हातात होते आणि १९६ मधल्या माणसाला नऊ व्होल्ट म्हणजे लई झाले.

म्हणून आता माझा बोर्ड असा आहे. तीन कोअर, चार स्क्वेअर, कॉपर, २५ मीटर, एका टोकाला निळा ३२ अँपिअरचा इंडस्ट्रियल प्लग, दुसऱ्या टोकाला तसलंच सॉकेट, मधे ३२ चा एमसीबी. घरच्या सॉकेटला लावायला एक छोटा १६ अँपिअरचा तुकडा वेगळा ठेवलाय, पण तो लावला की मी बारा नंबरच्या रॉडच्या वर जात नाही, कारण १६ च्या पिना काळ्या पडतात, ते मी दोन घरात बघितलंय. तिसरी वायर म्हणजे अर्थिंगची, ती खरंच जमिनीपर्यंत पोचलेली आहे का ते घराघरात टेस्टर-मीटरनं बघून घ्या, नुसतं तीन पिनाचं सॉकेट दिसलं म्हणून समाधान मानू नका. आणि रिळावर गुंडाळलेली वायर पूर्ण सोडून टाका, निम्मी रिळावर ठेवून वेल्डिंग केलं तर आतली आत तापते, प्लास्टिक मऊ होऊन एकमेकाला चिकटते.

आता वेल्डिंगच्या केबलचं. हा भाग नीट वाचा, कारण बाजारात सगळ्यात जास्त फसवणूक इथंच आहे.

मी जी स्वस्त केबल आणली होती ती वरून तांब्याची दिसत होती. अण्णांनी एक तार काढून ब्लेडनं खरवडली, आत पांढरी. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. दुकानात सीसीए म्हणून विचारलं तर बरेच जण सांगतात, न विचारता कुणी सांगत नाही. अ‍ॅल्युमिनियमची केबल वापरूच नये असं नाही, पण मग साईज वाढवावी लागते, तांब्याच्या २५ च्या जागी किमान ३५-५० च्या घरात जायला पाहिजे, आणि दुसरं म्हणजे स्क्रूखाली अ‍ॅल्युमिनियम हळूहळू दबत जातं, वरून गंज धरतं, जॉइंट ढिला होतो, ढिला झाला की तापतो. केबल मधेच क्वचित जळते, जळतात ती टोकं.

हिशोब परत तोच. १५ मीटर जायची १५ मीटर यायची, १२० अँपिअर धरा. २५ स्क्वेअर तांब्यात अडीच व्होल्ट जातात. तेवढ्याच साईजच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये चार व्होल्ट. ऐकायला कमी वाटतं ना, मला पण वाटलं. पण आर्कच २५ व्होल्टचा आहे, त्यात चार व्होल्ट केबलनं खाल्ले तर मशीनला ते वरून द्यावे लागतात, ते शेवटी लाईनमधूनच येतात, आणि लाईन आधीच मेलेली. चांगल्या लाईटवर ही चूक झाकली जाते, अण्णांकडं माझी केबल चालली ती म्हणूनच. वस्तीवर झाकली जात नाही.

ओळखायची सगळ्यात सोपी पद्धत मला ज्या दुकानात नवीन केबल घेतली तिथल्या काकांनी दाखवली, वजन काटा. २५ स्क्वेअरच्या एक मीटर केबलमध्ये नुसतं तांबं २२४ ग्रॅम असतं, हे घनफळ आणि घनतेचं गणित आहे, यात कुणाची मर्जी चालत नाही. वरचं रबर धरून मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास भरायला पाहिजे. शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचं तेवढंच ६७-६८ ग्रॅम. माझी आधीची केबल त्यांनी काट्यावर टाकली आणि मला काही बोलायची गरजच पडली नाही. नवीन १६ मीटरचं वेटोळं पाच किलोच्या जवळ भरलं, म्हणजे माझ्या मशीनएवढं वजन केबलचं. हातात घेतल्यावरच फरक कळतो.

अजून काय बघायचं, तर वरच्या रबरावर छापलेलं असतं का, साईज आणि आयएस ९८५७, हा आपल्याकडचा वेल्डिंग केबलचा स्टँडर्ड आहे. नुसता '२५' आकडा छापलाय म्हणजे आत २५ आहे असं समजू नका. तारा केसासारख्या बारीक पाहिजेत, ०.२ एमएमच्या, २५ स्क्वेअरमध्ये असल्या जवळपास ८०० तारा बसतात, म्हणून ती केबल दोरीसारखी वळते. जाड तारांची घरगुती वायर होल्डरला लावली तर मनगट दुखतं आणि होल्डरजवळ तारा तुटत जातात. रबर पण चांगलं घ्या, उष्णता, तेल आणि आगीला टिकणारं, एचओएफआर म्हणून मागितलं की देतात. पीव्हीसीवर गरम रॉडचं थोटुक पडलं की सरळ आत जातं.

मी २५ स्क्वेअर घेतली, १० मीटर होल्डरला आणि ६ मीटर अर्थला. ३५ पण बघितली होती पण १३० अँपिअरच्या आतल्या कामाला आणि एवढ्या लांबीला ती उगाच जड होते, गच्चीवर शिडीनं चढवताना केबलचं वजन खांद्यावर येतं. आणि लांबी वाढवायची गरज पडली तर मी आता वेल्डिंगची केबल वाढवत नाही, चार स्क्वेअरचा बोर्ड पुढं नेतो आणि मशीनच कामाजवळ नेऊन ठेवतो. पोर्टेबल घेतलंय ते त्यासाठीच ना. एकूण केबल, दोन्ही कनेक्टर, पितळी होल्डर आणि जड अर्थ क्लॅम्प मिळून सहा हजारांच्या जवळपास गेले. मशीन आठ हजार आणि केबल सहा हजार हे ऐकून घरी जरा बोलणं बसलं, पण मला आजही वाटतं की हेच सहा हजार सगळ्यात योग्य जागी गेले.

त्या दुकानाचं कौतुक करायलाच पाहिजे. काकांनी केबल मापून दिली ती माझ्यासमोर ताणून, लग्ज म्हणजे केबलच्या टोकाला बसवायचे धातूचे तुकडे चांगल्या क्रिंपिंग मशीननं दाबून दिले, हातोडीनं ठोकून नाही. ठोकलेला लग वरून गच्च दिसतो आणि आत अर्ध्या तारा मोकळ्या असतात. कनेक्टरचं पण त्यांनीच विचारलं, मशीन आणलंय का सोबत? मी म्हटलं नाही, फोटो आहे. ते म्हणाले फोटोवर देणार नाही, घेऊन या. कारण फिरवून लॉक होणारे हे कनेक्टर दोन मापाचे येतात, एकाची पिन ९ एमएमची आणि एकाची १३ ची, फोटोत सारखेच दिसतात. मला दुसरी खेप पडली, उन्हात चिडचिड झाली, पण नंतर पटलं. गैरसोय एकच, दुकान दुपारी दोन-अडीच तास बंद असतं आणि पार्किंगला जागा नाही.

कनेक्टर मशीनमध्ये घातल्यावर उजवीकडं फिरवून आवळायचाच. नुसता ढकलून ठेवला तर चालतं, त्यामुळं लोकांना वाटतं बसला. मेहुण्यानं एकदा असंच केलं, अर्ध्या तासात पितळ निळं-काळं पडलं आणि सॉकेटच्या भोवतीचं प्लास्टिक मऊ झालं. वेळेवर वास आला म्हणून वाचलं. आता काम सुरू केल्यावर पाच मिनिटांनी मी मशीन बंद करून प्रत्येक जॉइंटला हात लावून बघतो, होल्डर, दोन्ही कनेक्टर, अर्थ क्लॅम्प, बोर्डाचा प्लग. जिथं बाकीच्यापेक्षा जास्त गरम लागेल तिथं गडबड आहे.

कुठल्या बाजूला काय लावायचं, हा प्रश्न मला तीन-चार जणांनी विचारलाय. साधा ६०१३ रॉड दोन्ही बाजूंनी चालतो. मी जाड एंगल-चॅनलला होल्डर प्लसला लावतो, आत मुरतं चांगलं. अठरा गेजची ट्यूब किंवा पातळ पत्रा असेल तर होल्डर मायनसला, भोक पडायचं प्रमाण कमी होतं. ७०१८ जातीचा रॉड असेल तर होल्डर प्लसलाच, आणि तो रॉड भट्टीत तापवून कोरडा केल्याशिवाय वापरू नका, हवा लागलेला ७०१८ म्हणजे पैसे वाया.

अर्थ क्लॅम्प. गंज, रंग घासून चकचकीत लोखंडावर लावा, आणि जॉइंटच्या जितकं जवळ तितकं चांगलं. कारखान्यात हे माझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे, लूमच्या फ्रेमला एका कोपऱ्यात क्लॅम्प लावून दुसऱ्या कोपऱ्यात वेल्डिंग केलं तर करंट मधल्या बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात, महिन्याभरात तो आवाज करायला लागतो आणि कुणाला कारण कळत नाही. इलेक्ट्रॉनिक पॅनेलवाल्या लूमला तर पॅनेलच्या केबल काढल्याशिवाय मी रॉड लावत नाही. ट्रॅक्टरवर काही मारायचं असेल तर बॅटरीची वायर आधी काढा. ट्रॉलीचं करताना ट्रॉली सोडवून घ्या.

मशीनबद्दल आता. हॉट स्टार्ट आहे, पेटताना क्षणभर करंट वाढवतो, त्यामुळं लाईट नीट मिळाली की रॉड एका टिचकीत पेटतो. अँटी-स्टिक आहे, चिकटलाच तर मशीन करंट खाली आणतं आणि रॉड लाल व्हायच्या आत सोडवता येतो. आर्क फोर्सचं, म्हणजे रॉड जवळ आला की करंट वाढवायचं, बटण वेगळं नाही, असतं तर उभ्या जॉइंटला बरं झालं असतं. डिस्प्लेवर ८० दाखवतंय तेव्हा खरंच ८० येतात का ते क्लॅम्प मीटरनं बघितलं, चार-पाच अँपिअरचा फरक आहे, मला चालतो. अंगठ्यानं फिरवायचा नॉब जरा ढिला आहे, स्कूटरवरून नेताना आपोआप फिरतो, म्हणून पेटवायच्या आधी आकडा बघायची सवय लावून घेतली.

उन्हाळा. मशीनवर ड्यूटी सायकल ६० टक्के लिहिलंय. याचा अर्थ दहा मिनिटातले सहा मिनिटं त्या अँपिअरला वेल्डिंग आणि चार मिनिटं आराम, आणि हे सगळं ४० डिग्रीच्या हवेत मोजलेलं असतं. आपल्या सोलापुरात एप्रिल-मे मध्ये दुपारची हवाच ४२-४३ असते आणि पत्र्याच्या शेडखाली त्याच्याही वर. म्हणजे कागदावरचे सहा मिनिटं सुद्धा आपल्याला मिळत नाहीत. मे महिन्यात जुळे सोलापूरला गच्चीवर शेडचं काम होतं, ११० अँपिअरवर सलग मारायला गेलो आणि दुपारी एक वाजता पिवळा दिवा लागला. बंद करू नका अशा वेळी, चालूच ठेवा, फॅन आतली गरमी बाहेर काढतो, पाच-सहा मिनिटात दिवा जातो. आम्ही एका जुन्या दाराची सावली केली मशीनवर, खाली दोन विटा ठेवल्या, आणि सकाळी साडेसहा ते अकरा आणि मग चारनंतर असं काम केलं. मशीनला पण बरं आणि आम्हाला पण.

आणि एक गोष्ट जी खास आमच्या सोलापूरच्या कारखान्यांची आहे, कापसाची धूळ. टॉवेलच्या शेडमध्ये हवेत तंतू उडत असतात, मशीनचा फॅन ते आत ओढतो आणि आतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या हीटसिंकवर म्हणजे गरमी सोडणाऱ्या पट्ट्यांवर त्याची गादी बसते. मी दर पंधरा दिवसांनी प्लग काढून, थोडा वेळ थांबून, ब्लोअरनं लांबून हवा मारतो. पहिल्यांदा जे निघालं त्यात मूठभर उशी भरली असती. ग्राइंडर मशीनच्या मागं कधीच चालवू नका, लोखंडाचा भुसा आत गेला की मशीनचा सर्किट बोर्ड शॉर्ट होतो आणि तो गॅरंटीत बसत नाही. आणि धुळीला ठिणगी लागते, हे मी मनापासून सांगतो. शेडमध्ये रॉड लावायच्या आधी आजूबाजूचं सगळं झाडून, वर पाईपावर साठलेलं सुद्धा काढून, पाण्याची बादली आणि फायर सिलेंडर जवळ ठेवून, काम झाल्यावर अर्धा तास तिथंच थांबतो मी. सुताच्या ढिगात ठिणगी लगेच पेटत नाही, आत धुमसत राहते.

वस्तीवर परत गेलो ते फेब्रुवारीत. चार स्क्वेअरचा बोर्ड, २५ ची केबल, मीटर लावून बघितलं तर आर्क लागल्यावर १७५. चांगलं म्हणता येणार नाही पण मशीनच्या हद्दीत. बारा नंबर ८० वर दिवसभर चालला, मांडवाचे बावीस एंगल संध्याकाळपर्यंत झाले. दहा नंबर संध्याकाळी सगळ्या मोटारी चालू झाल्यावर ओढत नव्हता, तो सकाळी लवकर मारला. त्यातले काही एंगल झिंक मारलेले होते, ते जॉइंटपाशी ग्राइंडरनं घासून घेतले आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहून काम केलं, तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. जनरेटर लावायचा विचार होता पण मेहुण्याकडचा अडीच केव्हीएचा आहे, त्यावर मी लावणार नाही, पाच केव्हीए आणि चांगला एव्हीआर म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग असेल तरच.

ज्यांना महिन्यात चार-पाच दिवस किरकोळ काम आहे, ग्रील, गेट, शेड, शेतातली दुरुस्ती, त्यांनी हे मशीन बिनधास्त घ्या, पण बजेट १४-१५ हजारांचं धरा, आठचं नाही. रोज आठ तास जाड काम असेल तर हे तुमचं मशीन नाही. आणि पैसे कमी असतील तर मशीन १६० चं घ्या आणि केबल-बोर्डावर तडजोड करू नका, घरच्या सॉकेटवर तुम्हाला १६० आणि २०० मध्ये काहीच फरक जाणवणार नाही.

माझ्या गुणांत मशीनला पाचपैकी चार. सोबतच्या केबलला एक, तो पण कनेक्टर बरे होते म्हणून. केबलच्या दुकानाला पाच. मागच्या आठवड्यात होल्डरच्या लगजवळ चार-पाच तारा तुटलेल्या दिसल्या, काकांकडं गेलो, त्यांनी वीतभर केबल कापून नवीन लग दाबून दिला, पैसे विचारले तर लगचेच घेतले. बारा नंबरची दोन पाकिटं घेऊन आलो.